ढेकळाचा रंग

जामखेडच्या एस.टी. स्टँडामागच्या गल्लीत दानीएल पेंटरचं घर कुठलं, असं विचारलं की लोक हाताने दाखवत नसत, नाकाने दाखवत. थिनरचा वास येतो ते घर. दिवसभर दानीएल गॅरेजात ट्रकांना आणि जीपांना रंग मारी आणि संध्याकाळी घरच्या पडवीत बारीकसारीक कामं करी. सायकलींच्या फ्रेमा, शिवणयंत्रं, लग्नात द्यायच्या लोखंडी पेट्या. त्यासाठी त्याने मोडीत निघालेल्या एका ट्रकची हवेची टाकी आणून तिला पायपंप जोडला होता. पंप मारायचं काम बायकोकडे, म्हणजे साराकडे. ती पायाने पंप दाबी आणि हा स्प्रेगन धरी. एवढ्या वर्षांत दोघांचा ताल असा जमला होता की तिचा पाय थांबला की त्याचा हात आपोआप थांबे.

त्याच्या हाताबद्दल तालुक्यात दुमत नव्हतं. त्याने मारलेल्या रंगाला ओघळ नाही, डाग नाही, कणभर धूळ नाही. ‘माजा हात चुकला असं म्हननारा अजून जन्माला यायचाय,’ असं तो स्वतःच सांगत फिरे, आणि लोकही ते ऐकून घेत, कारण ते खरं होतं.

त्याच्या स्वभावाबद्दलही दुमत नव्हतं. माणूस भलता संशयी. दूधवाला समोर धार काढून देई तरी हा भांडं कलतं करून बघे. गिऱ्हाईक हसून बोललं की ह्याला वाटे, आता काहीतरी फुकट मागणार. रविवारी मिशनच्या देवळात पाळकसाहेब उपदेश करत तेव्हा टोमणा आपल्यालाच मारला, असं धरून तो आठवडाभर घुम्म राहायचा. सारा म्हणायची, “ह्यांना स्वर्गात घेतलं तर आधी दाराची बिजागरी हलवून बघत्याल.”

अशा माणसाला जगात एकच माणूस बिनसंशयाचा होता. खडकदऱ्याचा गहिनीनाथ.

खडकदरा हे दानीएलचंही गाव. दोघं मिशनच्या शाळेत एका तरटावर बसलेले. पुढे गहिनीनाथ बापाची जमीन कसू लागला, गावात ‘आबा’ झाला, आणि दानीएल रंग शिकायला नगरला गेला. तरी मैत्री राहिली. चारचौघांत दानीएल त्याला ‘आबा’ म्हणे आणि दोघंच असले की ‘गहिनी’. एकदा थिनरने पेट घेऊन दानीएलचा डावा हात भाजला, तेव्हा गहिनीनाथाने त्याला जीपमध्ये घालून नगरच्या मिशन दवाखान्यात नेलं आणि हात वाचतो असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत तो पायरीवरून हलला नाही. डावखुऱ्या दानीएलच्या धंद्याचा तो हात. तो असल्या गोष्टी विसरणाऱ्यांतला नव्हता, चांगल्या नाही आणि वाईटही नाही.

गहिनीनाथाकडे वडिलांच्या वेळची परवान्याची रायफल होती आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण. दुर्बीण विलायती, तिच्या कड्या पांढऱ्याशुभ्र चकचकीत. पट्ट्याच्या कड्याही तशाच आणि गोळ्या भरायचा डबाही तसाच. दर खंडेनवमीला, शस्त्रांच्या पूजेला, ही रायफल गावासमोर पाटावर मांडली जायची. आदल्या दिवशी ती घासूनपुसून आरशासारखी करायला दानीएलला बोलावणं असायचं. तोंड दिसेल अशी चमक आली की गहिनीनाथ खूश. ख्रिस्ती माणसाने घासलेली रायफल आणि तिच्यावर हळदकुंकू, ह्यात गावातल्या कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

म्हणूनच बहात्तर साली, दसरा तोंडावर आलेला असताना, गहिनीनाथ फडक्यात बांधून ती दुर्बीण, कड्या आणि डबा घेऊन दानीएलच्या पडवीत आला आणि जे बोलला ते ऐकून दानीएलच्या मनात पाल चुकचुकली.

“दान्या, ह्याची चमक घालवायची,” गहिनीनाथ म्हणाला. “सगळं कसं मातीसारखं मंद पायजे. उनात धरलं तरी चकाकता कामा न्हाई.”

“खंडेनवमीला काय मांडशील मग?”

“तेवा बगू.” गहिनीनाथाने सदऱ्याच्या खिशातून एक ढेकूळ काढून फडक्यावर ठेवलं. “ह्या रंगाचं कर. अगदी हाच.”

दानीएलने ढेकूळ उचललं. रंगाच्या माणसाचे डोळे त्याचे, आणि त्यात तो गावचा. गहिनीनाथाची सगळी जमीन ओढ्याकाठची, काळी. हे ढेकूळ तांबूस मुरमाचं, मध्ये चुनखडीचे पांढरे ठिपके असलेलं. असला मुरूम खडकदऱ्यात एकाच उंचवट्यावर सापडतो, आणि त्या उंचवट्याखाली विहीर आहे ती कानिफनाथाची.

कानिफनाथ म्हणजे गहिनीनाथाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या शेताला एकच बांध. पाऊस दगा देऊन दुसरं वर्ष चाललेलं. उन्हाळ्यात कानिफाने सुरुंग लावून विहीर खोल नेली, त्याला पाणी लागलं आणि महिन्याभरात गहिनीनाथाच्या विहिरीचा तळ उघडा पडला. लिंबोणीची बाग उभी वाळली. ती बाग त्याने पोरासारखी वाढवली होती. भर बाजारात त्याने कानिफाची गचांडी धरली आणि ‘तुला बघून घेतो’ म्हणाला. निम्म्या तालुक्याने ते ऐकलं आणि उरलेल्या निम्म्याला ऐकलेल्यांनी सांगितलं.

“कशाला रं एवढं, गहिनी?” दानीएलने शक्य तितक्या सहज विचारलं.

“लांडगा हाय. दुष्काळी कामावर हिंडतोय. जरा काय चकाकलं की पसार होतो.” गहिनीनाथ ढेकळाकडेच बघत होता. मग एकदम म्हणाला, “तुजी दया भेटली हुती कामावर. बरी हाय. लेकरानं बी बाळसं धरलंय.”

दया म्हणजे दानीएलची एकुलती एक लेक. खडकदऱ्याशेजारच्या वस्तीवर दिलेली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर नवऱ्याबरोबर ती खडी फोडायची आणि तान्ह्या पोराला तिथंच झोळीत टाकायची. एरवी तिची खुशाली कळली असती तर दानीएलने गहिनीनाथाला चहाशिवाय सोडलं नसतं. आज त्याला वाटलं, ही खुशाली मध्येच कशी आली? माणसाला पचायला जड काही गिळायला लावायचं असलं की बरोबर गूळ देतात. त्याने चहाचं विचारलं नाही, आणि गहिनीनाथही थांबला नाही.

रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी त्याने साराला सांगितलं.

“सांगून टाका फौजदाराला,” सारा म्हणाली.

“काय सांगू? दोस्तानं रंग मागितला म्हनून सांगू?”

“मग त्यास्नीच इचारा सरळ.”

“अन् लांडगाच असला तर? जन्मभराची दोस्ती. तोंड कसं दाखवू त्याला?”

“म्हंजे इचारायचं बी न्हाई अन् इश्वास बी ठेवायचा न्हाई,” सारा म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

तरी तिने आपल्या परीने चौकशी केली. खडकदऱ्याची छबूबाई बाजारच्या दिवशी कोंबड्या विकायला यायची. साराने तिला गाठलं आणि गावाकडे लांडगा आलाय का, असं विचारलं.

“कसला लांडगा?” छबूबाई म्हणाली. “माज्या कोंबड्या शाबूत हायत की. ह्या काय बसल्यात.” मग तिने आवाज खाली आणला. “आबा मातर भर दुपारचं बंदूक घिऊन वर जाताना दिसलं हुतं. कानिफाच्या हिरीच्या अंगाला. तिथं काय त्येंचं काम, बाई?”

साराने हे जसंच्या तसं घरी आणलं, आणि दानीएलचा उरलासुरला विश्वास उडाला. आता त्याला सगळं स्वच्छ दिसू लागलं. दुपारची वेळ, उंचवटा, खाली विहिरीवर कानिफा. दुर्बीण उन्हात चकाकली तर खालच्या माणसाला दिसणार. म्हणून चमक नको. म्हणून मुरमाचा रंग. लांडगा म्हणे! उद्या कानिफा पडला की पोलीस येणार, रायफल उचलणार, आणि विचारणार, हा रंग कुणाचा? ओघळ नाही, डाग नाही. सही करायची गरजच नाही.

पण स्वतःच्या कातडीची भीती खरं तर वरवरची होती. त्याला आतून खात होतं ते वेगळंच. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलेला माणूस, तो उंचवट्यावर पालथा पडून भावाची वाट बघतोय. आणि त्याच पायरीने वाचवलेल्या हाताने आपण त्याला लपवून देतोय. गहिनीला फासावर जाऊ द्यायचं नाही, हे त्याने मनाशी धरलं. कसं, ते त्याला काम सुरू केल्यावर सुचलं.

संध्याकाळी त्याने पडवीच्या जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली आणि गोणपाटाचे पडदे सोडले. कड्या आणि डबा पॉलिश पेपरने घासून त्यांचा तुळतुळीतपणा काढला. दुर्बिणीच्या दोन्ही काचांवर मेणबत्तीचं मेण बसवलं आणि वर कणकेच्या खळीने वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. रंगात गेरू, पिवळा, किंचित काळा आणि चमक मारायला शंखजिऱ्याची पूड. पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून तो ढेकळाशेजारी धरायचा, मान हलवायचा आणि पुन्हा मिसळायचा. संशय पोटात घेऊन का होईना, रंग त्याने अचूक जमवला. चुकीचा रंग मारणं त्याच्याने झालंच नसतं.

मग त्याने दुर्बिणीवरची दोन छोटी टोपणं फिरवून काढली. त्यांच्याखाली खाचेचे दोन बारके खिळे होते. एका खंडेनवमीला गहिनीनाथानेच ते कौतुकाने दाखवले होते. ह्यातला एक फिरवला की नेम खालीवर होतो, दुसरा फिरवला की डावाउजवा. जपून, ह्याला हात लावायचा नाही. दानीएलने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दोन्ही खिळे चांगले गरगरा फिरवले.

साराचा पाय पंपावर होता तो थांबला.

“हे काय करताय?”

“नेम बिघडवतोय. गोळी मारली तरी लागनार न्हाई. कानिफा वाचंल अन् गहिनी बी वाचंल.” त्याने टोपणं परत लावली. “आता वरून असा रंग बसवतो की ही टोपनं जन्मात खोलायची न्हाईत. मार पंप.”

साराने पाय हलवला नाही. “अन् खरंच लांडगा असला तर?”

“छबूबाई काय म्हनली? न्हाई म्हनली.”

“छबूबाई कोंबड्यांचं बोलली. आपली दया तितं हाय. तिचं लेकरू तितं झोळीत हाय. आबांचा नेम त्या जनावरावर चुकला तर?”

“लांडगा न्हाईच, सारे. उगं कायबी बोलू नगं.”

“हात दाखवून अवलक्षण हाय हे,” सारा म्हणाली. पण तिने पंप मारला, कारण दुसरं काय करावं हे तिलाही कळत नव्हतं. रंगाचा बारीक फवारा दुर्बिणीवर बसत गेला आणि विलायती चमक डोळ्यांदेखत माती होत गेली. टोपणांच्या सांध्यांवर दानीएलने फवारा जरा जास्तच रेंगाळू दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुद्दाम जाड थर दिला.

रंग वाळल्यावर गहिनीनाथ न्यायला आला. दाराबाहेर ग्रामपंचायतीने रस्त्यासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. गहिनीनाथाने एकेक वस्तू त्या ढिगावर ठेवली आणि मागे सरकून बघितलं.

“दिसंना की रं,” तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. दानीएलला तो चेहरा वाचता आला नाही आणि त्यामुळे तो आणखीच धास्तावला.

“तुजा हात म्हंजे हातच,” गहिनीनाथ म्हणाला. त्याने सगळं फडक्यात बांधलं आणि तो निघून गेला. दानीएल गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्या मागे गेला. सरळ विचारावं असं त्याला वाटत होतं. पण तोंड उघडेना, आणि खडकदऱ्याची गाडी लागली होती.

त्यानंतर दानीएलचं कामात लक्ष लागेना. खडकदऱ्याहून कुणी आलं की तो कान टवकारायचा. कानिफाचं काही नाही ना? काही नाही. दर वेळी त्याला हायसं वाटायचं आणि दर वेळी आपण केलं ते बरंच केलं, असं तो साराला ऐकवायचा.

मग एका दुपारी गॅरेजात एक कंडक्टर पाणी प्यायला आला आणि मालकाला सांगू लागला, “खडकदऱ्याच्या तलावावर काल लई वाईट झालं. झोळीतलं लेकरू लांडग्यानं वढलं. बाया खडीचे दगड घिऊन मागं धावल्या तवा टाकलं. हात पार चावलाय.”

दानीएलच्या हातातली स्प्रेगन खाली पडली. त्याच्या हातून पडलेली ती पहिलीच. “कुनाचं लेकरू?” त्याने विचारलं.

“ते काय ठाव न्हाई बा. पन आता तिथला कोनी शिकारी बसनार हाय म्हनं बंदूक घिऊन. म्हंजे सुटतील बाया.”

शिकारी बसणार. त्याच्या बंदुकीवर ती दुर्बीण असणार. तिच्यातले खिळे कुणी फिरवलेत ते दानीएलला ठाऊक होतं. तो रंगाच्या हातांनीच स्टँडावर धावला. त्या वेळेला गाडी नव्हती. कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि वाऱ्याला तोंड देत तो खडकदऱ्याकडे निघाला. वाटभर एकच हिशेब डोक्यात. लेकरू दयाचं असलं तर? आणि नसलं, तरी आज ना उद्या जनावर पुन्हा येणार, गहिनी बार टाकणार, आणि तो भलतीकडेच जाणार. किंवा भलत्यालाच लागणार. झोळ्या तिथंच असतात. बाया तिथंच असतात. दिवस मावळताना तो अशा अवस्थेत तलावावर पोहोचला की दयाने आधी त्याला ओळखलंच नाही.

दयाचं पोर तिच्या पदराखाली होतं. चावलेलं लेकरू लंकाबाईचं, कानिफाच्या सालगड्याच्या बायकोचं. त्याला नगरला नेलं होतं, जीव वाचला होता. दानीएलने दयाच्या पोराच्या डोक्यावरून रंगाचा हात फिरवला. तेव्हा दया म्हणाली, “बाबा, लांडगा तर सकाळीच मारला की गहिनीआबांनी.”

गहिनीनाथ घरी ओसरीवर एकटाच होता. रायफल भिंतीला टेकलेली. तिच्यावर दुर्बीण नव्हती. ती बाजूला त्याच फडक्यावर पडली होती, आणि टोपणांवरचा रंग चाकूने खरवडलेला लांबूनच दिसत होता.

दानीएल उभाच राहिला. सायकलवर असताना त्याने बोलायचं सगळं जुळवलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं.

“बस,” गहिनीनाथ म्हणाला. “दुर्बीन उतरवली की नेम नव्यानं बांधाया लागतो, दान्या. हे तुला ठाव नव्हतं. वठलेल्या बाभळीवर दोन बार टाकून बघितले. दोनी भलतीकडं. टोपनं खोलाया गेलो, तर रंगानं धरलेली. म्हनलं, दान्याचा थर असा जाड कसा? खरवडलं, अन् आत खिळ्यांवर नवा ओरखडा.”

“गहिनी, मला वाटलं...”

“काय वाटलं ते बी कळलं मला.”

दानीएलने मान खाली घातली. “माजं चुकलं. लांडगा खरा हुता. म्या तुज्यावर भलता वहीम घेतला. चार लोकांत माजं तोंड काळं कर, पन मला बोल काहीतरी.”

गहिनीनाथाने दुर्बीण उचलून खरवडलेल्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “ढेकूळ कुठलं ते वळखलं हुतंस?”

“व्हय.”

“तितलंच हाय ते.”

दानीएलने वर पाहिलं.

“बाग जळाली त्या आठवड्यात वर जाऊन पडलो हुतो, बंदूक घिऊन. कुनाला मारायला गेलो न्हाई, असं मनाला सांगत हुतो. दुर्बीन लावली तर कानिफा असा म्होरं आला. तोंड धूत हुता. थेट आमच्या आज्यासारखं धूत हुता, कानामागनं हात फिरवत. बोट घोड्यावर हुतं माजं, दान्या. तेवड्यात दुर्बीन चकाकली असंल, त्यानं वर बघितलं. माजा एक हात खाली मातीत रुतला हुता. घरी आलो तवा मुठीत हे ढेकूळ.”

ओसरीवर दिवा लावायला कुणी आलं, गहिनीनाथाने हातानेच नको म्हटलं.

“मग लांडग्यानं एक शेरडू नेलं. म्हनलं, आता चमक घालवाया पायजे. लांडग्यासाठी, का कशासाठी, हे माजं मला कळत नव्हतं. तुला लांडगा सांगितला तो खोटा नव्हता. पन सगळा खरा बी नव्हता. चार रोज ही वस्तू घरात नगं, एवडंच मला उमजत हुतं. म्हनून तुज्याकडं आनली.” तो थांबला. “तू खिळे फिरवलेस हे कळलं तवा राग न्हाई आला. हलकं वाटलं. म्हनलं, हाय कुनीतरी, ज्याला आपल्या पोटातलं दिसतं.”

दानीएलने आजवर सगळ्या जगावर संशय घेतला होता आणि बहुतेक वेळा जग निर्दोष सुटलं होतं. हा एवढा एक संशय खोटा ठरला म्हणून त्याने आत्ताच माफी मागितली होती, आणि नेमका तोच खरा निघाला होता. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

“लांडगा कसा मारलास?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“उघड्या डोळ्यानं. लंकाबाईचं लेकरू म्हटल्यावर गाव काठ्या घिऊन आलं, कानिफा बी आला. ओढ्यातल्या निवडुंगात जनावर बसलेलं. म्या ह्या तोंडाला बसलो, अन् पल्याडनं डबा बडवत कोन निघालं, तर कानिफा. मदी लांडगा, त्याच्या मागं कानिफा, अन् नळी सरळ त्या दोगांवर. दुर्बीन असती तर लांबनंच बार टाकला असता. मग काचंत मला कोन दिसलं असतं, द्येवाला ठाव. म्या वराडलो, कानिफ, खाली बस. तो बसला. एक शब्द न इचारता बसला. बाजारात ज्याची गचांडी धरली, तो माज्या नळीम्होरं खाली बसला. मग मारला लांडगा.”

जाताना गहिनीनाथाने दुर्बीण, कड्या, सगळं फडक्यात बांधून दानीएलच्या हातात दिलं. “हे तुज्याकडं ऱ्हाऊ दे. म्या मागितलं तरी दिऊ नगंस.”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दानीएलला बोलावणं आलं, दरवर्षीसारखं. तो गेला. दुसऱ्या दिवशी पाटावर रायफल मांडली गेली. गहिनीनाथाचं नांगर-कुऱ्हाडीचं सामान मांडलं गेलं, आणि सगळ्यांच्या मागून कानिफनाथ आला. त्याने विहीर खोदलेली पहार आणली होती. ती त्याने रायफलीच्या शेजारी पाटावर टेकवली. लोक एकमेकांकडे बघू लागले. गहिनीनाथाने दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं.

कानिफनाथाने रायफल न्याहाळली. वरच्या बाजूला खिळ्यांची भोकं रिकामीच होती. तो मोठ्याने म्हणाला, “आबा, दुर्बीन कुठाय? दरसाली तर मिरवीत असता.”

गहिनीनाथाच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. गावाची माणसं गोळा झालेली.

“ती माज्यामुळं गेली,” भिंतीशी उभा असलेला दानीएल म्हणाला. “आबांनी रंगवायला दिली हुती. आत रंग गेला, काचा वाया गेल्या. माजा हात चुकला.”

मग कुणीतरी हसलं. “काय रं दान्या, तू तर म्हनायचास, असं म्हननारा जन्मायचाय अजून?” मग सगळेच हसले. बायांतसुद्धा खसखस पिकली. सारा तिथंच उभी होती. ती हसली नाही.

कानिफनाथ मान हलवत म्हणाला, “एवडी विलायती वस्तू. कसला पेंटर तू?”

“चुकलं, आबा,” दानीएल कानिफाला म्हणाला. आजवर गहिनीनाथासाठीच राखलेली ‘आबा’ ही हाक त्याने कानिफाला दिल्याचं त्या गर्दीत एका गहिनीनाथाशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. पूजा उरकल्यावर दानीएल पाटाशी बसला, खांद्यावरचं फडकं घेतलं, आणि रायफलीच्या नळीवर पडलेलं कुंकू हळूहळू पुसू लागला.